पाणी ओसरलं, गाडी दुरुस्त झाली, तरी ती पुन्हा पुन्हा बंद का पडते?

बॅटरी नवी टाकली. दोन महिन्यांनी स्टार्टर गेला. तो बदलला तर मागची काच खाली जाईना. मग एसी बंद, आणि आता डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलाय तो विझायचं नाव घेत नाही. मालक म्हणतो गाडीच पनवती आहे. शेजारी म्हणतो ही कंपनीच बेकार. आणि हल्ली तिसरा कुणीतरी असतोच, जो सगळ्याचं खापर ई-२० पेट्रोलवर फोडतो.

तिघांचंही थोडंफार बरोबर असू शकतं. जुन्या गाडीतले रबरी पाइप इथेनॉलमुळे लवकर खराब होऊ शकतात, हे खरंय. पण पेट्रोलमुळे काच अडकत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गाडी सारखी आजारी पडत असेल तर आधी एक प्रश्न विचारायला हवा. ही गाडी कधी पाण्यात उभी होती का?

कारण इथला भूगोल. उल्हास नदी कर्जतकडून बदलापूरला येते, त्यामुळे वरच्या डोंगरात पाऊस झोडपतो आणि पाणी बदलापुरात चढतं. दुसरी वालधुनी. अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहत ती उल्हासनगरच्या वस्तीतून कल्याणकडे जाते. २६ जुलै २००५ ला दोन्ही नद्यांनी काय केलं ते इथल्या जुन्या लोकांना विचारा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच पुरात नदीकाठच्या सोसायट्यांच्या तळमजल्यावरचं पार्किंग बुडालं, त्याची बातमी कुठून होणार?

आता पाणी गाडीचं नेमकं काय करतं ते बघू.

पहिलं नुकसान लगेच कळतं. इंजिन हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबून चालतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी चावी फिरवली की पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन खोलावंच लागतं.

खरी डोकेदुखी दुसऱ्या नुकसानाची, कारण ते गुपचूप होतं. आजच्या गाडीत वायरिंगचा मोठा भाग पायाखालच्या कार्पेटखालून जातो. त्यात जागोजागी कपलर असतात. गाडीत सीटपर्यंत पाणी आलं की ते या कपलरमध्ये शिरतं. वरून गाडी उन्हात सुकते, आतला ओलावा तसाच राहतो. तांब्याच्या पिनांवर हिरवट थर चढायला लागतो. वालधुनीसारख्या नदीचं रसायनं आणि सांडपाणी मिसळलेलं पाणी असेल तर हे काम आणखी वेगाने होतं. काही महिन्यांनी एका पिनेतून करंट कधी जातो, कधी जात नाही. म्हणून घरी बंद पडलेली गाडी गॅरेजमध्ये गेल्यावर एका सेल्फमध्ये सुरू होते आणि मालक खोटा ठरतो!

मेकॅनिक जो पार्ट बंद दिसतो तो बदलतो. त्याचीही चूक नाही, पूर्ण वायरिंग बदलायची तर खर्च ऐकूनच गिऱ्हाईक पळतं. पण बिघाड पार्टमध्ये नसून त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीत असतो, त्यामुळे पैसे जातात आणि आजार राहतो.

मग गाडी विकली जाते. आणि इथे मोठी गोम आहे.

पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात बसतं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की ती 'टोटल लॉस' धरली जाते आणि तिचा सांगाडा विकला जातो. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. न कळवता तीच आरसी वापरात राहिली, तर सांगाडा पुन्हा गाडी होऊन रस्त्यावर येऊ शकतो.

हे हवेतलं बोलणं नाही. २०१९ च्या पावसात पनवेल भागात खराब झालेल्या आणि भंगारात काढलेल्या चारशेच्या वर गाड्या चासी नंबर बदलून विकण्याचं प्रकरण २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी उघड केलं होतं.

त्याहून साधा प्रकार गल्लोगल्ली होतो. पाण्यात चावी फिरवून इंजिन गेलं असेल तर वेगळं 'इंजिन प्रोटेक्ट' कव्हर नसताना विमा कंपनी तो खर्च सहसा नाकारते. काहींना नो क्लेम बोनस घालवायचा नसतो. मग दुरुस्ती बाहेरच्या बाहेर रोखीत होते. क्लेमच नाही म्हणजे नोंदही नाही. म्हणून 'क्लेम हिस्टरी क्लीन आहे' हे वाक्य इथे अर्धंच खरं असतं. आरसीवर मालकाचं नाव, कर्ज, विम्याची मुदत सगळं दिसतं, पूर दिसत नाही.

त्यामुळे गाडी बघायला गेलात तर इंजिनचा आवाज ऐकण्याआधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली तर पाणी तिथपर्यंत होतं. लोक कार्पेट धुतात, सीटकव्हर बदलतात, पण आत गुंडाळलेला पट्टा सहसा विसरतात. डिकीत स्टेपनी उचलून खाली बघा, सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा. परफ्यूमचा घमघमाट असेल तर जरा जास्तच बघा. आणि 'गाडी पुराच्या पाण्यात गेलेली नाही' हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. तो लिहून द्यायला का-कू करायला लागला तर उत्तर मिळालं.

गाडी तुमचीच असेल आणि पाण्यात सापडली, तर चावी फिरवू नका. पाणी उतरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाणी कुठपर्यंत होतं त्याचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच न्या. गॅरेजमध्ये सांगताना 'स्टार्ट होत नाही' एवढंच सांगू नका. कार्पेट काढून खालचे कपलर उघडायला लावा.