अंधाराचे मोजमाप आणि आमची प्रयोगवही

तारे अगणित असतील आणि अनादी काळापासून जळत असतील, तर रात्रीचे आकाश काळे का दिसावे? जर्मन ज्योतिर्विद हाइनरिश ओल्बर्स यांनी १८२३ साली हा प्रश्न मांडला. आज त्याचे मुख्य उत्तर असे दिले जाते की, विश्वाला वय आहे. फार दूरच्या प्रकाशाला आपल्यापर्यंत पोहोचण्यास अवधीच मिळालेला नाही. तरीही आकाश पूर्ण काळे नाही. आजवरच्या सर्व दीर्घिकांचा मिळून एक अतिमंद उजेड सर्वत्र भरून राहिला आहे. तो मोजण्याचा इतिहास विज्ञानाच्या वर्गात सांगितला जावा, असे आम्हांस वाटते. आम्ही इतिहासाचे शिक्षक, म्हणून हा आगंतुकपणा वाटला तर वाटो.

पृथ्वीजवळून हा उजेड नीट मोजता येत नाही. ग्रहांच्या दरम्यान पसरलेली बारीक धूळ सूर्यप्रकाशाने चकाकते. हबल दुर्बीण वातावरणाच्या वर असली तरी या धुळीच्या आतच आहे. १९ जानेवारी २००६ रोजी निघालेले 'न्यू होरायझन्स' यान १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले आणि पुढे जात राहिले. २०२३ साली ते सूर्यापासून पृथ्वीच्या तुलनेत सुमारे ५७ पट दूर होते. तेथे धुळीचा हा अडथळा जवळजवळ उरत नाही. यानावरील दुर्बिणीचा व्यास अवघा २०.८ सेंटिमीटर, वीतभरही नाही.

टॉड लॉअर, मार्क पोस्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्बिणीने मोजलेला आकडा २०२२ साली प्रसिद्ध झाला. ज्ञात दीर्घिकांच्या हिशेबाने जेवढा प्रकाश यावा, त्याच्या सुमारे दुप्पट तो निघाला. मोठीच खळबळ! कृष्णद्रव्याच्या कणांचा क्षय होत असावा, असाही तर्क काही भौतिकशास्त्रज्ञांनी लढविला.

या गटाने मात्र पुन्हा मोजले. यानाचा देह सूर्याच्या आड धरून आकाशाच्या दोन डझन जागा टिपल्या. आपल्या आकाशगंगेतील धूळही ताऱ्यांचा प्रकाश विखुरते. तो वाटा किती, हे प्लांक उपग्रहाच्या दूर-अवरक्त नकाशांच्या आधारे नव्याने ठरविले. आधी तो कमी धरला गेला होता. २०२४ साली प्रसिद्ध झालेला आकडा ११.१६ नॅनोवॅट प्रति चौरस मीटर प्रति स्टेरेडियन. एक नॅनोवॅट म्हणजे वॅटचा शंभर कोटीवा भाग. दीर्घिकांचा हिशेब ८.१७. दोहोंतील अनिश्चितता पाहता हा फरक दखलपात्र ठरत नाही. ज्यांनी खळबळजनक आकडा दिला होता, त्यांनीच तो खाली आणला.

आता आमच्या प्रयोगशाळांकडे वळू. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ यायचे हे मुलास आधीच ठाऊक असते. ते ९.१ आले की तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, दोन वाचने खोडतो आणि ९.७९ लिहितो. परीक्षक प्रसन्न होतात. ज्याने ९.१ तसेच ठेवले, त्याचे गुण कापले जातात. पोथीतले उत्तर आधी आणि पडताळा नंतर, ही जुनीच रीत आहे. ती झुगारणाऱ्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या शाळांतही ती चालावी, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. राज्यघटनेच्या कलम ५१-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्य सांगितले आहे. त्याची पहिली परीक्षा प्रयोगवहीतच होते.

निकालाचे काय, असे सहकारी विचारतात. निकालाची चिंता आम्हांसही आहे. वसतिगृहातील कित्येक मुलांच्या घरची सारी आशा त्या एका कागदावर असते. पण शाळेच्या अंतर्गत गुणांपुरते तरी आपल्या हाती आहे. प्रयोगवहीत 'वाचन' आणि 'अनुमान' यांच्यामध्ये आणखी एक रकाना आखावा : अपेक्षित उत्तरात व आपल्या उत्तरात फरक का पडला? दोरी मोजताना चूक झाली, घड्याळ उशिरा दाबले, लंबक फार दूर नेऊन सोडला. जे घडले असेल ते मुलाने लिहावे, आणि निम्मे गुण त्या रकान्यास द्यावेत. नमुना म्हणून पहिल्या पानावर शिक्षकांनी हा आकडा लिहून द्यावा : ११.१६, अधिक-उणे १.६५.