सौजन्य : सोशल मीडिया

दिवाळी अंक हातात घेतला की वाचक आधी अनुक्रमणिका उघडतो. कथा कुणाची, कविता कुणाची, मुखपृष्ठ कुणी काढलंय, हे पाहून मगच पाकिटाला हात घालतो. हाच वाचक फोनवर दिवसभर व्हिडिओ पाहतो तेव्हा ‘हा कुणाचा?’ असं विचारत नाही. विचारून उपयोगही नसतो, कारण त्याच्यापर्यंत येईतो नाव गळालेलं असतं. कुणीतरी मूळ व्हिडिओ उतरवून घेतलेला असतो, कोपऱ्यातलं चॅनेलचं नाव कापून तिथे आपला लोगो चिकटवलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘क्रेडिट : मूळ मालकाला’. वृत्तवाहिन्या जरा सभ्य. त्या ‘सौजन्य : सोशल मीडिया’ लिहितात. टपालानं आलेली कथा आम्ही ‘साभार : पोस्टखाते’ म्हणून छापली तर कसं दिसेल?

नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं मानणारे लोक बरेचदा प्रामाणिक असतात, हीच अडचण. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क मिळायला नोंदणी लागत नाही. कलम 52 समीक्षेसाठी आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराची सूट देतं. अख्खा व्हिडिओ उचलून आपल्या पानावर चढवणं त्यात बसवणं अवघड आहे. यूट्यूबवर व्हिडिओ टाकणाऱ्याला ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना निवडता येतो. त्यानं तो निवडला असेल तर श्रेय देऊन वापरा, खुशाल. निवडला नसेल तर विचारायला हवं.

लिंक पाठवली की पाहणारा मूळ चॅनेलवर जातो. मोजणी, प्रतिक्रिया, जाहिरातीतला वाटा, सगळं तिथेच राहतं. प्रत चढवली की हे दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं. पण मला पैशापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. व्हिडिओत काही चुकीचं गेलं म्हणून करणाऱ्यानं तो काढला, किंवा त्यात दिसणारी आजीच उद्या ‘नको रे, काढ ते’ म्हणाली, तर मूळ निघेल, प्रती फिरतच राहतील. गावात एकट्यानं मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्याकडे त्या हुडकायला ना वेळ असतो, ना वकील. पानावर ‘डीएम फॉर रिमूव्हल’ लिहून ठेवणारे ते ओझं त्याच्याच डोक्यावर टाकतात. वर ते उदारही दिसतात!

नाव जपायचंच ठरवलं तर किती जपता येतं, याचं उदाहरण मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या अनेक ओव्या ऐकायला आणि पाहायला मिळतात, आणि सोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. ओवी परंपरेनं आलेली, तिच्यावर मालकी सांगणारं कुणी नाही. नाव गाळलं असतं तरी कुणी जाब विचारला नसता. तरी गाळलं नाही. आणि आपण मात्र जिचा कर्ता हयात आहे, एका मेसेजवर भेटू शकतो, ती रेसिपी किंवा ती गडावरची भटकंती निनावी करून टाकतो.

या अंकात व्हिडिओ करणाऱ्यांवर काही लेख आहेत. त्यांच्या व्हिडिओंतली चित्रं छापण्याआधी प्रत्येकाला लिहून विचारलं. बहुतेकांचा होकार लगेच आला. एकीची अट एवढीच, की कॅमेरा धरणाऱ्या भावाचंही नाव यावं. ते आलं आहे. एका चॅनेलचं उत्तर अंक छपाईला जाईपर्यंत आलं नाही, म्हणून त्या लेखात चित्र नाही. सर्व लेखांखाली क्यूआर कोड आहेत, ते मूळ चॅनेलवरच नेतात.

यातला एखादा व्हिडिओ आवडला आणि घरच्या ग्रुपवर टाकावासा वाटला, तर फाइल नको, लिंक पाठवा. आमच्याकडून कुठे श्रेय द्यायचं राहिलेलं दिसलं, तर जरूर कळवा. दुरुस्ती पुढच्या अंकात छापू.