लाल ठिपका नसलेले हरिकेन

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या प्रतिकृती जोडण्याचा छंद वरकरणी पोरखेळ भासतो. किट आणावे, प्लॅस्टिकचे भाग चिकटवावेत, सांधे घासावेत, रंग द्यावा, की झाले! जाणकारीची कसोटी मात्र पुढेच लागते.

हॉकर हरिकेनचेच पाहा. 40 फूट पंखविस्ताराचे हे विमान 1/72 प्रमाणात जेमतेम 17 सेंटिमीटरचे होते. मूळ विमानाच्या शेपटीकडील भागावर कापड ताणलेले असे. त्याखालील लाकडी पट्ट्यांचे उंचवटे प्रतिकृतीतही उमटतात. उत्साहाच्या भरात तेही घासून सपाट करणारे महाभाग आहेतच! खोक्यावरील चित्र बहुधा 1940 च्या इंग्लंडवरील हवाई लढाईचे असते आणि आपल्याकडील छांदिष्टही निमूटपणे तेच विमान घडवितो.

वास्तविक 1944 मध्ये इंफाळच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेनच उडवीत होती. तिचे नेतृत्व अर्जनसिंग यांच्याकडे होते. 2002 मध्ये 'मार्शल ऑफ द एअर फोर्स' झालेले तेच हे. या आघाडीवरील विमानांच्या वर्तुळाकार चिन्हातून मधला लाल ठिपका वगळलेला असे. जपानी विमानांवर लाल गोळा असल्याने, गफलतीने आपल्याच माणसांनी आपलेच विमान पाडू नये, हा त्यामागील हेतू. म्हणजे त्या ठिपक्यावर वैमानिकाचे प्राण अवलंबून होते.

तेव्हा भारतीय घरातील कपाटात एकच हरिकेन ठेवावयाचे असेल, तर ते इंफाळचे असावे. त्यासाठी 'मार्क 2' प्रकारचे किट शोधावे लागेल आणि लाल ठिपक्याची तयार चिन्हे बाजूला ठेवून गडद व फिकट निळी वर्तुळे हाताने रंगवावी लागतील. कड थोडी वाकडी आली, तरी चालेल.