पॅराबेन नाही, मग काय आहे?

दुकानात क्रीमची बाटली हातात घेतली की आत काय आहे यापेक्षा काय नाही याचीच अक्षरे मोठी दिसतात. ‘पॅराबेन-फ्री’, ‘केमिकल-फ्री’, ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’. ग्राहक चार पैसे जास्त मोजून ती बाटली घेतो, कारण प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे काहीतरी विषारी, हा समज गेल्या वीस वर्षांत घट्ट बसला आहे. या समजाने त्वचेचे भले झाले की नुकसान, हे तपासून पाहायला हवे.

प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजेच परिरक्षक, का लागते याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की बुरशी धरते, हे घरोघरी ठाऊक असते. मीठ आणि तेल लोणचे राखतात, मुरांब्यात हे काम साखर करते. दिवाळीचे उटणे महिनोन् महिने टिकते, कारण ते कोरडे असते आणि त्यात दूध किंवा पाणी आयत्या वेळी घालतात. खोबरेल तेलात पाणीच नसते, म्हणून ते खवट होते, पण त्यात जंतू वाढत नाहीत. क्रीम, लोशन, फेसवॉश यांचे तसे नाही. त्यात बहुधा सर्वांत मोठा वाटा पाण्याचा असतो, जोडीला तेल आणि वनस्पतींचे अर्क असतात आणि डबीत रोज बोट जाते. दमट न्हाणीघरात ठेवलेल्या अशा डबीत जिवाणू आणि बुरशी यांना हवे ते सारे मिळते. शिवाय दूषित क्रीमला वास येतोच किंवा रंग बदलतोच असे नाही.

हा धोका कागदावरचा नाही. डोळ्यांच्या बुबुळाला झालेल्या गंभीर जखमांचा संबंध दूषित मस्काऱ्यातील स्यूडोमोनास जिवाणूंशी असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. स्पेनमध्ये बार्सिलोना येथील एका रुग्णालयात २००६ मध्ये अतिदक्षता विभागातील पाच रुग्णांना एकाच जिवाणूचा संसर्ग झाला. माग काढल्यावर तो रुग्णांच्या अंगाला लावण्याच्या मॉइश्चरायझरमध्ये सापडला, अगदी न उघडलेल्या बाटल्यांमध्येही. धडधाकट माणसाची अखंड त्वचा बरेच काही सोसते. तान्ही बाळे, भाजलेली किंवा फाटलेली त्वचा, डोळे आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना तेवढी सवलत नसते.

मग पॅराबेनविषयी एवढी भीती कुठून आली? २००४ मध्ये ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्बर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींचे २० नमुने तपासले आणि त्यात पॅराबेन आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्या अभ्यासात निरोगी ऊतींचे नमुने तुलनेला नव्हते. पॅराबेनमुळे कर्करोग होतो, असा निष्कर्षही त्यातून निघत नव्हता. तरीही बातमी जगभर गेली. शंकेला काहीच आधार नव्हता, असेही नाही. पॅराबेनचा परिणाम इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखा असतो, मात्र तो हजारो पटींनी क्षीण असतो. युरोपीय संघाने २०१४ मध्ये सुरक्षिततेची पुरेशी माहिती न मिळालेल्या पाच पॅराबेनवर बंदी घातली. प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनची मर्यादा ०.१४ टक्क्यांवर आणली. मिथिल आणि इथिल पॅराबेनला प्रत्येकी ०.४ टक्क्यांपर्यंत परवानगी कायम ठेवली. नियमन असेच रसायनागणिक आणि प्रमाणागणिक व्हावे लागते. ‘फ्री’ या शब्दाने हा सगळा फरक पुसून टाकला.

पॅराबेन काढले तरी बाटलीतले पाणी कायम होते. म्हणून काहीतरी घालणे भागच होते. काही कंपन्यांनी फिनॉक्सिइथेनॉल घेतले, काहींनी मिथिलआयसोथायाझोलिनोन. हे दुसरे रसायन २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांत एकटे वापरण्यास युरोपात मोकळीक मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांकडे खाज, लालसरपणा आणि पुरळ घेऊन येणाऱ्यांची रांग लागली. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ घोषित केले. त्वचेवर लावून ठेवण्याच्या उत्पादनांत ते वापरण्यावर युरोपात २०१७ पासून बंदी आहे. याच संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनला ‘वर्षातील बिगर-ॲलर्जीकारक’ ठरवले, कारण त्याची ॲलर्जी फारच थोड्यांना होते. भीतीपोटी सोडलेले रसायन त्वचेला सौम्य होते आणि त्याच्या जागी आलेल्यांपैकी एकाने हजारोंची त्वचा बिघडवली.

‘नैसर्गिक’ हा शब्दही असाच तपासून घ्यावा लागतो. द्राक्षफळाच्या म्हणजे ग्रेपफ्रुटच्या बियांचा अर्क नैसर्गिक परिरक्षक म्हणून खपतो. जर्मनीतील संशोधकांनी १९९९ मध्ये बाजारातील असे सहा अर्क तपासले. पाचांत कृत्रिम परिरक्षक निघाले आणि ज्यात ते नव्हते, त्या एका अर्काने जंतूंना काहीच केले नाही.

आज महाराष्ट्रातही घरी बनवलेली कोरफड जेल, फेसक्रीम, बाळाचे लोशन समाजमाध्यमांवरून विकले जाते. त्यामागे अनेक महिलांचे कष्ट आणि रोजगार आहे, म्हणून त्याकडे तुच्छतेने पाहणे योग्य नाही. पण विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला कायद्याने परवाना लागतो आणि तो देणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाने या बाजाराकडे डोळेझाक करू नये. बचत गटांना परिरक्षणाचे प्रशिक्षण आणि स्वस्तात जंतुचाचणी मिळाली, तर कारवाईची वेळ कमी येईल. साबण, तेल, उटणे, मेणाचा मलम ही पाणी नसलेली उत्पादने छोट्या उद्योगाला अधिक सोयीची आहेत, हेही त्यांना सांगायला हवे. मोठ्या कंपन्यांनी ‘अमुक नाही’ असे मिरवण्याऐवजी जंतू रोखण्यासाठी काय घातले आहे ते वाचता येईल अशा अक्षरांत छापावे.

ग्राहकाच्या हातातही बरेच आहे. परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची मुदत नसलेली डबी घेऊ नये. उघड्या डबीपेक्षा पंप किंवा ट्यूब बरी. संपत आलेल्या शाम्पूत किंवा लोशनमध्ये पाणी घालून ठेवण्याची सवय सोडावी, कारण त्याने परिरक्षकही पातळ होते. मस्कारा आणि काजळ दुसऱ्याला देऊ नये. नवे क्रीम आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. पुरळ आले तर बाटलीसह त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. पॅच टेस्ट केल्यावर नेमका कोणता घटक सोसत नाही ते कळते आणि तेवढाच टाळता येतो. पुढच्या वेळी बाटली घेताना समोरचे ‘फ्री’ वाचून झाले की ती उलटी करून मागची बारीक अक्षरे तेवढी वाचावीत.