गोडबोल्यांचा वेश आणि स्मायलीचा चष्मा

अ‍ॅलेक गिनेस यांचे नाव निघाले की त्यांच्या रूपांची मोजदाद सुरू होते. १९४९ च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये त्यांनी एकाच सरदार घराण्यातल्या आठ व्यक्ती उभ्या केल्या, त्यांत एक स्त्रीही होती. त्याच्या आदल्या वर्षी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला म्हातारा फेगिन ते झाले, तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. ‘अष्टपैलू’ ही ख्याती या वेषांतरांतून झाली. मला मात्र वाटते की चेहऱ्यावरचा रंग जितका कमी, तितका हा नट मोठा होत गेला. वेषावर सगळी भिस्त टाकली तिथेच तो घसरला.

याचा सर्वांत बोलका पुरावा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये नारायण गोडबोले नावाचे दख्खनी ब्राह्मण प्राध्यापक आहेत. अखेरच्या भागात ते देवळातल्या उत्सवात तुकारामांचे नाव घेत गाण्यात हरवून जातात. फॉर्स्टर यांना आपल्या भक्तिपरंपरेचा गाभा कितपत उमगला यावर वाद होईल, पण त्या माणसाची श्रद्धा त्यांनी खरी मानली होती. डेव्हिड लीन यांनी १९८४ मध्ये चित्रपट केला तेव्हा गिनेस चेहरा सावळा रंगवून गोडबोले झाले. पडद्यावर उरला तो कोड्यात बोलणारा, विक्षिप्त म्हातारा. तुकारामांचे नाव ज्याच्या ओठी होते, तो माणूस त्यात सापडत नाही. नटाने बाह्यरूप अचूक जमवण्याचा प्रयत्न केला, आतले जगणे मात्र त्याच्या हाती लागले नाही.

‘त्या काळी असेच चालायचे’ हे उत्तर मला पटत नाही. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी आणि रोशन सेठ होते. भारतीय नटांची वानवा मुळीच नव्हती. फेगिनच्या लांब नाकावरचा आक्षेपही आजचा नाही. ज्यूंची विटंबना होते म्हणून १९४९ मध्येच बर्लिनमध्ये निदर्शने झाली, आणि अमेरिकेत तो चित्रपट काटछाट होऊन १९५१ मध्ये पोहोचला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परकाया प्रवेश हेच तर नटाचे काम, मग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तला त्यांचा फैसल कसा चालतो? त्या भूमिकेतही रंग आणि अरबी पोशाख होता, आणि शेजारीच ओमर शरीफसारखा अरब नट होता, हे मला खटकतेच. तरी फैसल टिकतो तो त्याच्या राजकीय हिशेबीपणामुळे, आणि तो हिशेब गिनेस यांच्या स्थिर नजरेत व तोलून बोलण्यात आहे. दाढी काढली तरी तो उरेल.

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) मध्ये तर वेषांतर नाहीच. जपान्यांच्या कैदेतला कर्नल निकल्सन तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून बाहेर येतो, पाय लटपटतात, तरी पाठ ताठ ठेवायची त्याची धडपड चालते. शिस्तीच्या अभिमानापायी शत्रूसाठी पूल बांधणारा हा हट्टी माणूस त्या चालीतच पुरता कळतो. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे त्यांचे एकमेव ऑस्कर याच भूमिकेचे. पुढे १९७९ मध्ये बीबीसीच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ मालिकेत ते जॉर्ज स्मायली झाले. सात भागांत हा माणूस बव्हंशी ऐकतो, चष्मा पुसतो आणि गप्प राहतो. समोरचाच घाबरून बोलत सुटतो. इतके कमी करून इतके दाखवणारा दुसरा नट मला चटकन आठवत नाही. गिनेस यांना नव्याने पाहणाऱ्याने म्हणूनच स्मायलीपासून सुरुवात करावी आणि आठ भूमिकांचा चित्रपट नंतर लावावा. मग त्या आठ जणांतला फरकही मिशा-टोप्यांपेक्षा त्यांच्या चालण्यात आणि श्वास घेण्यात अधिक आहे, हे ध्यानात येते.