रुळांच्या प्रतीक्षेत माळवा

चेन्नईजवळ डिसेंबर २०२५ मध्ये वंडरलाचे नवे मनोरंजन उद्यान खुले झाले आणि त्यातील ‘तंजोरा’ या रोलर कोस्टरची चर्चा देशभरातील शौकिनांत सुरू झाली. गाडी रुळांवरून न धावता रुळांखाली लटकत धावते, प्रवाशांचे पाय अधांतरी राहतात, अशी ही रचना. बोलिगर आणि माबिलार या स्विस कंपनीची या जातीची भारतातील ही पहिलीच बांधणी. तिला पोशाख मात्र दक्षिणी वास्तुपरंपरेचा आणि नाव तंजावरच्या आठवणीचे. एकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांची सत्ता ज्या नगरीत नांदली आणि जिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीतील प्रदीर्घ शिलालेख कोरलेला आहे, त्या नगरीचे नाव आता वेगाच्या खेळण्याला मिळाले, हे वाचून मराठी वाचकाला क्षणभर गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही.

हे निमित्त घेऊन आपण गोव्यात बसून माळव्याकडे पाहावे, असे का? कारण या शौकिनांची पुढची अपेक्षा इंदूरकडे वळली आहे. वंडरला आणि खोपोलीची इमॅजिका या दोन्ही कंपन्यांनी इंदूरसाठी योजना जाहीर केल्या आहेत. इंदूरच्या पश्चिमेस सुमारे साठ किलोमीटरवर धार आणि ईशान्येस सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवास. पवारांच्या या दोन जुन्या गाद्यांच्या गावांत आजही मराठी बोलणारी घरे आहेत. मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये महानगर प्रदेशांचा कायदा केला आणि इंदूर-उज्जैनच्या महानगर क्षेत्रात धार-देवासचाही समावेश ठरला. तेव्हा इंदूरच्या वेशीवर जे उभे राहील त्याचे गिऱ्हाईक, त्याचे कामगार आणि त्याच्या पाण्याचे वाटेकरी या दोन जिल्ह्यांतूनही येणार, हे उघड आहे.

रोलर कोस्टरची ओढ हा पोरकटपणा आहे, असे मानणारा एक सुशिक्षित वर्ग आपल्याकडे आहे. त्याच्याशी प्रस्तुत लेखकाचे जमत नाही. या खेळाचे मर्म शाळेतल्या पदार्थविज्ञानाचे आहे. साखळीने गाडी एकदा उंचावर नेऊन सोडली की पुढचा सारा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या भांडवलावर होतो. इमॅजिकातील ‘नायट्रो’ सुमारे चाळीस मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून मोकळे पडणाऱ्या वस्तूला तळाशी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग येतो. इंजिन नाही, इंधन नाही, केवळ उंचीचे वेगात रूपांतर. रुळांचा छेद पाहून कोणत्या कारखान्याची बांधणी आहे हे सांगणारे तरुण आज भारतात आहेत. क्रिकेटच्या धावसंख्या मुखोद्गत असणाऱ्याला आपण रसिक म्हणतो. मग यांनाच छांदिष्ट का म्हणावे?

शिवाय या खेळाचा जन्मच मुळी रेल्वेच्या पोटी झाला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील कोळसा उतरवण्यासाठी टाकलेला डोंगरउताराचा लोहमार्ग पुढे केवळ मौजेच्या फेऱ्यांसाठी चालवला गेला आणि १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन याने खास करमणुकीसाठी असा मार्ग बांधला. आधी काम करणारा रूळ, मग खेळणारा रूळ, असा तो क्रम होता.

धारमध्ये हा क्रम उलटण्याची चिन्हे आहेत, आणि या साऱ्या चर्चेत बोचणारी गोष्ट हीच आहे. भोजराजाची राजधानी असलेले, ज्याच्या किल्ल्यात १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला ते हे नगर रेल्वेच्या नकाशावर नव्हतेच. इंदूर-दाहोद मार्गाची पायाभरणी २००८ मध्ये झाली. सुमारे दोनशे किलोमीटरचा मार्ग. पण त्या वर्षी जन्मलेले मूल मतदानाच्या वयाला येईपर्यंत धारकरांना वाटच पाहावी लागली. इंदूरला शिकायला जाणारा धारचा विद्यार्थी बसने जातो, पीथमपूरच्या कारखान्यातला कामगारही रस्त्यानेच जातो. याच पीथमपुराजवळ वाहनांच्या चाचणीसाठी अकरा किलोमीटरहून लांब अतिवेगवान धावपट्टी २०२१ पासून आहे. वेगाला या जिल्ह्यात जागा मिळाली, ती मोटारींच्या चाचणीला मिळाली. माणसांच्या ये-जा करण्याला नव्हे. ‘पार्क’ हा शब्दही धारला नवा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये भैंसोला येथे वस्त्रोद्योगाच्या पीएम मित्र पार्कची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्ते बसली. माळव्यातील कापूस उत्पादकाला त्याचा लाभ व्हावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

आता ‘वारसा’ या शब्दाकडे वळू. मनोरंजन उद्यानांना हल्ली इतिहासाचा मुलामा हवा असतो आणि इंदूरच्या परिसरात कोणी तो शोधू लागला, तर त्याची नजर सर्वप्रथम मांडूवर जाईल. जहाजमहाल, हिंडोळा महाल, रूपमतीचा मंडप. फायबरच्या साच्यातून काढायला यापरते आकर्षक काय असेल? हिंडोळा महालाचे तर नावच झोपाळ्याचे. त्याच्या भिंती कललेल्या आहेत म्हणून ते नाव पडले. खुद्द मांडूत संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम कायद्याने निषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित आहे. जुन्या गोव्यात २०२१ मध्ये वारसास्थळालगतच्या बंगल्यावरून जे आंदोलन पेटले, ते ज्यांनी पाहिले त्यांना या मीटरांचे मोल सांगायला नको. मांडू १९९८ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. जुन्या गोव्याची चर्च व मठ १९८६ मध्येच जागतिक वारसा ठरली. तिथे रखवालीचा प्रश्न आहे, इथे आधी मान्यतेचाच.

परंतु धारपाशी खेळण्यांचा स्वतःचा, अस्सल आणि लेखी वारसा आहे, आणि तो कोणत्याही उद्यानाच्या जाहिरातीत दिसत नाही. भोजाच्या नावावरील ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात यंत्रविधानाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात कारंज्यांच्या जलगृहांचे प्रकार आहेत, आपोआप हालचाल करणाऱ्या बाहुल्या आहेत आणि फिरत्या पाळण्यांची तर नावानिशी जंत्री आहे: वसंत, मदननिवास, वसंततिलक, विभ्रमक, त्रिपुर. विभ्रमक! रोलर कोस्टरला याहून नेमके नाव कोणता जाहिरातदार सुचवू शकेल? हजार वर्षांपूर्वी धारच्या दरबारातील कोणीतरी माणसे फिरवण्याच्या करमणुकीचे वर्गीकरण करीत बसले होते. त्यांच्या आगेमागेच, १०१० च्या सुमारास, तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पूर्ण झाले. म्हणजे ‘तंजोरा’च्या प्रेरणास्थळाचा हा समकालीन वारसा.

इथे सावध राहायला हवे. याच अध्यायात पाऱ्याच्या बळावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचाही उल्लेख आहे आणि त्यावरून प्राचीन विमानांचे इमले बांधणारे पुष्कळ आहेत. ग्रंथकाराने यंत्रांची घडण पूर्ण सांगितलेली नाही, आणि ते अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, असे तो स्वतःच म्हणतो. आजच्या कंपन्यांच्या पेटंटवाल्या भाषेशी ही भूमिका मिळतीजुळती आहे, एवढे कौतुक पुरे. पण पाळणे व कारंजी ही करता येण्याजोगी गोष्ट आहे. हा ग्रंथ छापून आला तोही एका मराठी संस्थानाच्या आश्रयाने. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत १९२४-२५ मध्ये टी. गणपतिशास्त्री यांनी तो संपादिला. इंदूरमधील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून त्यातील पाळण्यांच्या चालत्या प्रतिकृती करवून घेऊन धारच्या संग्रहालयात ठेवल्या, तर त्याला एखाद्या कमानीच्या खर्चाहून अधिक लागणार नाही.

दुसरा वारसा याहूनही जुना आहे. इमॅजिकातील ‘राजासॉरस’ ही नौकाफेरी ज्या डायनोसॉरच्या नावाने ओळखली जाते, तो नर्मदेच्या खोऱ्यातला. आणि त्याच खोऱ्यात, धार जिल्ह्याच्या बाग-कुक्षी परिसरात, टायटनोसॉर कुळातील प्राण्यांची ९२ घरटी व २५६ अंडी नोंदवल्याचे संशोधन जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाडल्या गावातील लोक ज्या गोल दगडांची काकड भैरव म्हणून पूजा करीत, ती त्या प्राण्यांचीच अंडी असल्याचे त्याच वर्षाच्या शेवटी समोर आले. खोपोलीत जो प्राणी यंत्रावर डरकाळ्या फोडतो, त्याच्या खोऱ्यातली खरी अंडी धारच्या शेतांत आहेत. तिथवर जाणाऱ्या पर्यटकाला मुक्कामाची जागा, माहिती देणारा माणूस आणि जीवाश्मांना कुंपण मिळावे, यासाठी कोणत्याही स्विस कारखान्याची गरज नाही.

देवासचा प्रश्न निराळा आहे आणि तो पाण्याचा आहे. करमणुकीची उद्याने आपल्या हवामानात बहुधा जलक्रीडेच्या जोडीनेच चालतात. उन्हाळा हाच त्यांचा हंगाम. आणि १९९० च्या सुमारास ज्या शहराला आगगाडीने पाणी पुरवावे लागले ते शहर म्हणजे देवास. पुढे २००६ पासून या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली. कूपनलिकांच्या मागे लागून कर्जबाजारी झालेला शिवार त्यातून बराच सावरला. अलीकडच्या भारतातील जलसंधारणाच्या उत्तम उदाहरणांत त्याची गणना होते. इंदूर स्वतः १९७८ पासून नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पठाराची उंची चढवून आणते, आणि त्या उपशाच्या विजेचा भार महापालिकेच्या तिजोरीवर कायम असतो. अशा पठारावर जलक्रीडेचे मोठे उद्यान उभारणाऱ्याने पाणी कुठून घेणार, किती शुद्ध करून फिरवणार आणि एप्रिल-मेमध्ये किती नव्याने लागणार, याचा ताळेबंद परवानगीपूर्वी जाहीर करावा, ही मागणी विकासविरोधी ठरत नाही. पाणी फिरवण्याची यंत्रणा या धंद्याला नवीन नाही. नवीन असेल तो फक्त जाहीर हिशेब.

देवासला थाटामाटाची किंमतही ठाऊक आहे. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी वाटून घेतलेल्या या गावात थोरली व धाकटी अशी दोन संस्थाने नांदत होती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचे खासगी चिटणीस होते. त्यांच्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात, बांधून पुरा होण्याआधीच ढासळू लागलेला नवा राजवाडा आहे. पुढे कर्जाने बेजार झालेले तुकोजीराव पाँडिचेरीला निघून गेले. त्याच टेकडीवर आज तुळजाभवानी व चामुंडेच्या दर्शनाला रोपवेने जाता येते. टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांनी १९४८ पासून अखेरपर्यंत वास्तव्य केले. देवासला येणारे कितीतरी मराठी लोक त्या घरासाठीच येतात. पणजीहून रेइश मागूशपर्यंतच्या रोपवेची चर्चा आपण ऐकत आलो आहोत, त्यामुळे टेकडी, श्रद्धा आणि तारेवरची डबी यांचे नाते आपल्याला नवे नाही.

जमिनीचे काय, हा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो, कारण तो ताजा आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनमध्ये शेतजमिनी एकत्र करून विकसित करण्याची योजना शेतकऱ्यांच्या विरोधानंतर २०२५ च्या अखेरीस सरकारला मागे घ्यावी लागली. माळव्याच्या काळ्या मातीवर हात टाकणे राजकीयदृष्ट्या स्वस्त राहिलेले नाही, हे कंपन्यांनाही कळले असेल.

सर्वांत कमी चर्चा होते ती सुरक्षिततेची. अहमदाबादच्या कांकरिया तलावापाशी जुलै २०१९ मध्ये झोके घेणारा पाळणा तुटून दोन जीव गेले. दिल्लीत एप्रिल २०२५ मध्ये कापसहेडा येथील उद्यानात रोलर कोस्टरवरून पडून एका तरुणीचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी अपघातानंतर परवाने, तपासणी आणि जबाबदारी यांची शोधाशोध झाली. भारतात या खेळण्यांसाठी मानके आहेत, पण ती सक्तीने पाळायला लावणारा आणि देशभर एकसारखा लागू होणारा कायदा नाही. राज्याराज्यांत, जिल्ह्याजिल्ह्यांत निराळी रीत. मोठ्या कंपन्यांची उद्याने त्यातल्या त्यात बरी; त्यांना विमा, विदेशी उत्पादक आणि भागधारक यांचा धाक असतो. खरा धोका जत्रेच्या मैदानात आहे.

आणि धारच्या बहुसंख्य लोकांचा पाळणा जत्रेतलाच आहे. होळीपूर्वीच्या आठवड्यात भिल्ल पट्ट्यात भगोरियाचे बाजार भरतात. ढोल-मांदळ घुमतात, रंगीत लुगडी, चांदीचे दागिने, ताडी, गुलाल, आणि मैदानाच्या कडेला करकरणारा आकाशपाळणा. इंदूरच्या उद्यानाचे तिकीट ज्याला परवडणार नाही तो त्यात बसतो, आणि त्याच्या किंकाळीत आनंद तोच असतो. तो पाळणा एका गावातून सोडवून ट्रकवर लादून दुसऱ्या गावी दोन दिवसांत उभा केला जातो. त्याचे बोल्ट कोणी तपासले, कागदावर सही कोणाची, ते कागद मैदानात कुठे लावले आहेत? इंदूरच्या नव्या कोस्टरची तपासणी करणारे अभियंते मध्य प्रदेशाला कधी ना कधी तयार करावेच लागतील. ते तयार झाले की वर्षातून एक आठवडा त्यांना धार, झाबुआ, अलीराजपूरच्या मैदानांवर पाठवता येईल, आणि त्यासाठी उद्यानाचे उद्घाटन होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.