जॅकेट मोजा, सारंगाला विचारू नका

पावसाळा ओसरला, गेटवेहून मांडव्याच्या लाँच पुन्हा सुरू झाल्या आणि या आठवड्यात धक्क्यावरचा ठरलेला प्रयोगही सुरू झाला: केशरी जॅकेटांची मोजणी. प्रवाशाने जॅकेट घातले का, बंद बांधले का, मग एक फोटो, की लाँच सुटली. जॅकेट हवेच, त्याबद्दल वाद नाही. 18 डिसेंबर 2024 ला नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने ‘नीलकमल’ बुडाली, 15 जीव गेले, 84 प्रवाशांचा परवाना असलेल्या लाँचवर शंभराहून अधिक माणसे निघाली. त्यानंतर झालेली जॅकेटची सक्ती योग्यच होती. माझी तक्रार वेगळी आहे आणि या सदराच्या वाचकांना ती नवी नाही: आपण दिसणारी वस्तू मोजतो, माणसाचे कसब नाही. समोरून येणारी बोट चुकवायची कशी हे कोणाला शिकवले जाते आणि कोणाला शिकवायची गरज आपल्याला वाटत नाही, हा प्रश्न तेव्हा निघाला आणि चार दिवसांत जॅकेटांच्या ढिगाखाली गेला. जॅकेट धडकेनंतर कामी येते; धडकेआधी जो कामी येतो त्या सुकाणूवरच्या माणसाकडे, सारंगाकडे, अजून कोणी वळून पाहिलेले नाही.

हे लिहिले की ठरलेले उत्तर येते: भारतात नाविकांच्या प्रशिक्षणाला काय तोटा? खरेच तोटा नाही. कोकणातला एखादा मुलगा मोठ्या जहाजावर साधा खलाशी म्हणून निघाला, तरी त्याच्याकडून काय काय करून घेतात ते पाहावे. सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा वर्ग. जीव वाचवण्याच्या कोर्सात जॅकेट घालून उंचावरून तलावात उडी मारायची, पाण्यात पालथा पडलेला तराफा दोर धरून, त्याच्या बुडावर चढून, अंगाचा भार मागे टाकत सुलटा करायचा. आगीच्या कोर्सात पाठीवर हवेचे नळकांडे बांधून धुराने भरलेल्या काळोख्या खोलीत हाताने भिंत चाचपडत जायचे. वर प्रथमोपचार, सुरक्षितता आणि सामाजिक जबाबदारी, जहाजाची सुरक्षा यांची वेगळी प्रमाणपत्रे. त्यांतली जीवरक्षणाची आणि आगीची दर पाच वर्षांनी ताजी करायची. अधिकारी व्हायचे असेल तर तोंडी परीक्षा. तिथे परीक्षक टेबलावर छोट्या बोटी सरकवत विचारतो: उजवीकडून ही आली, दिवा लाल दिसतो, आता तू काय करशील? टक्कर टाळण्याचे नियम उमेदवाराला क्रमांकासह, शब्द न चुकता यावे लागतात, आणि अडखळला की पुन्हा या. ही शिस्त चांगलीच आहे. पण ती संपते कुठे, हे कोणी सांगत नाही.

ती कुठे संपते हे पाहायला दोन आंतरराष्ट्रीय करार शेजारी ठेवून वाचावे लागतात, आणि मला वाटते सगळा घोळ त्या दोघांमधल्या फटीत आहे. पहिला 1972 चा, समुद्रावर टक्कर टाळण्याच्या नियमांचा. तो कोणालाही सोडत नाही. खुल्या समुद्रात आणि मोठी जहाजे जिथवर येऊ शकतात अशा समुद्राला जोडलेल्या सगळ्या पाण्यात, तरंगणारे आणि वाहतुकीच्या कामाचे काहीही असो, नियम लागू. पाण्यावर उतरलेले विमानसुद्धा त्याच्या लेखी नौकाच. म्हणजे कंटेनर जहाज, मासेमारीचा ट्रॉलर, युद्धनौका, शिडाची होडी आणि किनाऱ्यावर घिरट्या घालणारी जेट स्की, सगळी एका रांगेत. दुसरा करार 1978 चा, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रांचा. नाविकांचे सारे कोर्स ज्याच्या नावाने चालतात तो एसटीसीडब्ल्यू. हा मात्र सुरुवातीलाच माणसे वगळायला बसतो. युद्धनौका आणि सरकारी कामाच्या नौका वगळल्या. मासेमारी नौका वगळल्या. धंद्यासाठी नसलेल्या हौशी नौका वगळल्या. जुन्या साध्या बांधणीची लाकडी जहाजेही वगळली. शिवाय व्याख्येतच म्हटले आहे की अंतर्गत जलमार्गात, आडोशाच्या पाण्यात किंवा बंदराचे नियम लागू असलेल्या भागातच फिरणारी नौका ही समुद्रगामी नाहीच. नियम पाळायचे सगळ्यांनी, पण ते यायलाच हवेत असा या कराराचा आग्रह फक्त मोठ्या जहाजांवरच्यांसाठी. सिग्नल सगळ्यांना सारखे ठेवून आरटीओने परीक्षा मात्र ट्रकवाल्यांचीच घ्यावी, तसे हे.

आता ही वगळलेल्यांची यादी हातात धरून मुंबई बंदराकडे पाहा. घारापुरीला जाणारी लाँच यादीत. ससून डॉकला परतणारा ट्रॉलर यादीत. अलिबागच्या बंगल्यावर शनिवार-रविवार काढायला निघालेल्या मालकाची स्पीडबोट यादीत. पोलिसांची गस्तीनौका आणि नौदलाची बोट यादीत. न्हावा-शेव्याच्या वाटेवरचे महाकाय कंटेनर जहाज तेवढे यादीबाहेर, आणि त्यावर तर प्रमाणपत्रांची फाइल बाळगणारे अधिकारी असून वर बंदराचा पायलटही चढलेला असतो. मांडव्याची लाँच रोज याच जहाजांची वाट ओलांडते. नियम म्हणतो, अरुंद वाटेत वीस मीटरपेक्षा लहान नौकेने तिथूनच जाऊ शकणाऱ्या मोठ्या जहाजाचा मार्ग अडवू नये. मोठ्या जहाजावरच्या अधिकाऱ्याला तो नियम पाठ. तो पाळायचा ज्याने, त्याला तो येतो की नाही, हे या दोन्हींपैकी कुठल्याही कराराने विचारलेले नाही.

करार विचारत नसला तर देशाने विचारावे, आणि आपण अगदीच विचारत नाही असेही नाही. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्गत नौका कायदा आला, लाँचच्या सारंगाला आणि इंजिन ड्रायव्हरला प्रमाणपत्र लागते. नौदल आपल्या माणसांना स्वतः शिकवते, आणि ‘नीलकमल’च्या वेळी नौदलाच्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती, त्या दोषाचा निवाडा चौकशीचा, माझा नाही. पण बाकीच्या घटना पाहा. ऑक्टोबर 2018 मध्ये शिवस्मारकाच्या कामाच्या शुभारंभाला निघालेली स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एक तरुण गेला. तो खडक काही त्या सकाळी उगवला नव्हता. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली, दोघे गेले. मे 2023 मध्ये केरळात तानूरला मासेमारीच्या होडीची केलेली पर्यटनबोट उलटली, 22 माणसे गेली. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशीची बातमी बोटीविषयी: किती भरली होती, किती जुनी होती, जॅकेट होती का. चालवणारा काय शिकला होता, हे असलेच तर शेवटच्या ओळीत.

इथे माझ्यावर पहिला आक्षेप येतो तो किनाऱ्यावरूनच, आणि तो वजनाचा आहे. कोळी, गाबीत, भंडारी, दालदी पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यात आहेत. ज्या तांडेलाला पाण्याच्या रंगावरून खडक कळतो आणि उधाण-भांगाची वेळ बोटांवर मोजता येते, त्याला वर्गात बसवून कोण काय शिकवणार? त्या तांडेलाला समुद्र शिकवायचा नाहीच. पण दोन मुद्दे उरतात. एक, खडक, वारा आणि भरती आजोबांकडून येतात. रात्री दोन पांढरे दिवे एकावर एक आणि खाली हिरवा दिसला तर समोरचे जहाज कुठे चालले आहे, किंवा वायरलेसच्या सोळा नंबरवर नेमके काय बोलायचे, हे आजोबांच्या समुद्रात नव्हते. दोन, जेट स्कीच्या हँडलवर तो तांडेल नसतोच. तिथे बहुतेकदा हंगामापुरता पगारावर ठेवलेला पोरगा असतो, आणि त्याच्या मागे बसणाऱ्या बाईने, कमरेला धरलेल्या तिच्या मुलाने, तू हे कुठे शिकलास असे आजवर विचारलेले नाही. परंपरेचे नाव पुढे करून खरे तर यालाच सूट मिळते.

दुसरा आक्षेप इंग्रजी वाचणाऱ्यांचा: ब्रिटनमध्ये हौशी माणसाला समुद्रात स्वतःची बोट न्यायला परवाना लागत नाही, तरी चालते ना? चालते, कारण तिथे क्लब आहेत, स्वेच्छेने कोर्स करण्याची जुनी सवय आहे, आणि 1824 पासून देणग्यांवर चालणारी जीवरक्षक बोटींची संस्था आहे. मुख्य म्हणजे टेम्सवर प्रवासी घेऊन फिरणाऱ्याला ही मोकळीक नाही. त्याला वेगळा परवाना लागतो. 1989 मध्ये त्याच नदीत वाळू उपसणाऱ्या जहाजाने ‘मार्शनेस’ बुडवली, 51 माणसे गेली, आणि चौकशीत ठपका आला तो दोन्हीकडच्या टेहळणीवर. टेहळणी हा त्या 1972 च्या नियमांतला पाचवा नियम, सगळ्यांत सोपा. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक आकड्यांत चालकाच्या शिक्षणाची नोंद मिळते तिथे चारपैकी सुमारे तीन मृत्यू न शिकलेल्याच्या बोटीवर घडलेले दिसतात. न शिकलेलेच जास्त असतील तर आकडा फुगणारच, हे मान्य. तरी त्यांच्याकडे निदान ही नोंद ठेवतात. आपल्याकडे हा रकानाच नाही.

तिसरी भीती मला स्वतःलाही आहे: परवाना सक्तीचा झाला की परवान्याचे दुकान उघडते. दोन दिवस, एक चहा, एक फोटो आणि प्रमाणपत्र. म्हणून मी नव्या कोर्सची मागणी करत नाही. मागणी आहे तोंडी परीक्षेची: बोटीवर, धक्क्याला, मराठीत, परीक्षकाने दिवे आणि खुणा दाखवून घेतलेली, आणि काही वर्षांनी पुन्हा घेतलेली. मोठ्या जहाजाच्या अधिकाऱ्याला जे टेबलावर विचारतात त्यातला दहावा हिस्सा चालेल. पास झालेल्याचे नाव आणि तारीख तिकिटाच्या खिडकीवर लावा, प्रवाशांच्या मर्यादेच्या आकड्याशेजारी. स्पीडबोटवाल्या मालकालाही हेच. त्याच्या बोटीची किंमत हा सूट देण्याचा निकष होऊ नये. आणि जागा शोधायची गरज नाही. वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरीला मत्स्यव्यवसाय खात्याची प्रशिक्षण केंद्रे आहेत, तिथे मच्छीमार तरुणांना सहा महिन्यांत नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. पर्यटनबोटीच्या पोरांना तिथे बसवायला एका खात्याने दुसऱ्या खात्याला पत्र लिहायचे आहे. यात नवी जेट्टी नाही, फीत नाही, कोनशिला नाही. फीत कापता येते तेच काम आपल्याकडे हलते, असे रो-रोपासून वॉटर टॅक्सीपर्यंत या सदरात मी म्हणत आलो; त्याला धरून मला संशय आहे की पत्र तेवढ्यासाठीच अडले असावे.